मधला आवाज कुठं गेला? स्टिरिओची गोष्ट, एका कानाने ऐकलेली

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘काय ना’ थोडे कापलेत. बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

आज सुरुवातीलाच एक छोटं काम सांगतो. कानात इअरफोन असतील तर त्यातला एक काढा. कुठलाही चालेल. काढला? आता माझं बोलणं ऐकू येतंय ना? शब्द सगळे कळतायत, काही अडत नाही. मग दुसरा इअरफोन कशासाठी दिलाय? जोडी विकायची म्हणून?

आजचा भाग त्या दुसऱ्या इअरफोनबद्दल आहे. आणि माझ्या वडिलांबद्दलही आहे, पण ते हळूहळू कळेल.

आमचं गाव नेवासा तालुक्यात. जिल्हा अहमदनगर, २०२४ पासून कागदावर अहिल्यानगर, आणि बोलताना अजून नुसतं ‘नगर’. नेवासा म्हटलं की प्रवरेचा काठ आणि पैस खांब. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी इथं सांगितली गेली. त्यामुळं आमच्याकडं सप्ताह, कीर्तन, काकडा या गोष्टी वेगळ्या शिकाव्या लागत नाहीत. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, चाळीसेक वर्षं गावच्या कीर्तनात टाळकरी आहेत.

मागच्या दिवाळीत मी नगरहून एक जुना अँप्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर घेऊन आलो. सेकंडहँड, पण लाकडी खोक्याचे, वजनदार. अण्णांनी आयुष्यभर रेडिओवर आणि मोबाईलच्या स्पीकरवर अभंग ऐकले, एकदा नीट ऐकवावेत ही इच्छा. वायर जोडल्या, मोबाईल लावला, अभंग सुरू केला. आणि मी चाटच पडलो. आवाज खोलीभर पसरलेला! स्पीकरच्या बाहेरून, भिंतीतून, जवळजवळ मागून येतोय असं वाटत होतं. मी मनात म्हटलं, याला म्हणतात साउंडस्टेज!

अण्णा दोन मिनिटं ऐकत बसले आणि म्हणाले, “पखवाज कुठं गेला?”

मी म्हटलं, “अहो वाजतोय की.”

“नुसती चाट वाजतीय. डावी बाजू कुठंय? कणीक लावलेली? घुमारा नाही त्याला. आणि महाराज कुठं उभे राहून गातायत ते तरी सांग.”

मी सांगायला गेलो आणि लक्षात आलं की मला सांगता येत नाहीये. आवाज सगळीकडं होता, पण नेमका कुठंच नव्हता.

हे असं का झालं, ते सांगायला मला जवळजवळ दीडशे वर्षं मागं जावं लागेल. चला.

पॅरिस, १८८१

थॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. आवाज साठवता येतो हे जगाला तेव्हा कळलं. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८१ मध्ये, पॅरिसला विजेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथं क्लेमां आदेर नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने एक गंमत केली. ऑपेराच्या रंगमंचाच्या पुढच्या कडेला त्याने टेलिफोनचे ट्रान्समीटर ओळीने बसवले आणि तिथून तारा टाकून दोन किलोमीटरहून जास्त लांब प्रदर्शनाच्या खोल्यांत आवाज पोचवला. ऐकायला लोकांच्या रांगा लागल्या.

गंमत अशी की प्रत्येकाला दोन रिसीव्हर दिले होते, दोन्ही कानांना एकेक. एकाची तार रंगमंचाच्या डाव्या अंगाच्या ट्रान्समीटरला, दुसऱ्याची उजव्या अंगाच्या. लोक थक्क झाले ते गाणं ऐकू आलं म्हणून तर झालेच, पण गायक रंगमंचावर इकडून तिकडं चालत गेला की ते चालणंही कानाला कळत होतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही, तरी माणूस कुठं उभा आहे ते समजतंय.

साउंडस्टेज या शब्दाचा अर्थ इथंच आहे बघा. स्टेज म्हणजे रंगमंच. आवाज ऐकून डोळ्यांपुढं उभा राहतो तो रंगमंच: किती रुंद, किती खोल. आणि त्या रंगमंचावर एकेक गायक, एकेक वाद्य नेमकं कुठं आहे हे बोट दाखवून सांगता येणं, त्याला म्हणतात इमेजिंग. मंच रुंद आहे पण माणसं धुक्यात उभी असल्यासारखी, असं होऊ शकतं. माझ्या घरात नेमकं तेच झालं होतं.

कान हे कसं करतात? १९०७ मध्ये लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याचं नीट उत्तर मांडलं. उजवीकडून हाक आली तर ती उजव्या कानाला आधी पोचते, डाव्याला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त किती? सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. तेवढ्या फरकावर मेंदू दिशा ठरवतो. हे चालतं जाड, खर्जाच्या आवाजांसाठी. बारीक, चढ्या आवाजांसाठी दुसरी युक्ती: आपलं डोकं मध्ये येतं, त्याची सावली पडते आणि पलीकडच्या कानाला आवाज कमी ऐकू येतो. टाळाची किणकिण कुठल्या बाजूची हे आपल्याला बरंचसं या सावलीमुळं कळतं.

म्हणजे दिशा एकेका कानात नसते. ती दोन कानांच्या फरकात असते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

एका भोंग्यातला काळ

आदेरने दाखवलेली ही गंमत पुढची पन्नास वर्षं रेकॉर्डवर आलीच नाही. रेकॉर्डिंग एकाच भोंग्यात व्हायचं. १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कोलकात्याला आला आणि त्याने गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा मायक्रोफोनही नव्हता. गाणाऱ्याने भोंग्याच्या तोंडाशी गायचं, साथीदारांनी आपापल्या आवाजाप्रमाणं पुढं-मागं बसायचं. आजच्या भाषेत मिक्सिंग व्हायचं ते माणसं सरकवून! विजेवरचं रेकॉर्डिंग आलं १९२५ च्या सुमारास, पण वाट एकच राहिली. याला आपण मोनो म्हणतो.

मोनो म्हणजे वाईट, असं मात्र समजू नका. मोनोत डावं-उजवं नसतं, पण जवळ-लांब असतं. भोंग्याजवळचा गायक जवळ ऐकू येतो, मागचा ऑर्गन मागून येतो. आपल्या नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या ऐका. सगळं एका रेषेत असतं, पण त्या रेषेला खोली असते.

आणि इथं आपल्या नगरचा एक माणूस येतो, ज्याने ही एकच रेषा अशी वापरली की लोक अजून विसरले नाहीत. स्पाइक मिलिगन. १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरमध्ये जन्म, वडील ब्रिटिश हिंदी सैन्यात, लहानपण पुण्यात आणि रंगूनला. पुढं इंग्लंडला गेला आणि १९५१ ते १९६० या काळात बीबीसी रेडिओवर ‘द गून शो’ लिहिला, त्यात कामही केलं. विनोदी कार्यक्रम, पण निम्मा विनोद आवाजांचा. पावलं, स्फोट, दारं, न संपणारे जिने. ऐकणाऱ्याच्या डोक्यात अख्खी वेडी दुनिया उभी राहायची, आणि ते सगळं मोनोत! बीबीसीने १९५८ मध्ये चित्रविचित्र आवाज तयार करण्यासाठी रेडिओफोनिक वर्कशॉप हा खास विभाग काढला, त्यानेही गून शोसाठी आवाज बनवले.

नगरला रणगाड्यांचं म्युझियम बघायला लोक येतात, भुईकोट किल्ला बघायला येतात. स्पाइक मिलिगन इथला, हे मात्र नगरच्याच किती जणांना माहीत असतं? असो. मुद्दा हा की मंच उभा करायला आधी कल्पना लागते, वायर नंतर.

सिनेमा बघून आलेला इंजिनिअर

आता १९३१. आपल्याकडं त्या वर्षी ‘आलम आरा’ आला, पहिला हिंदी बोलपट. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, पहिला मराठी बोलपट. पडदा बोलायला लागला. पण प्रेक्षकाला एक गोष्ट खटकायला हवी होती, ती खटकली लंडनच्या ॲलन ब्लूमलाइनला. वय २८, ईएमआय कंपनीत इंजिनिअर. असं सांगतात की बायकोबरोबर सिनेमा बघताना तो कुरकुरला: नट पडद्याच्या डाव्या टोकाहून उजव्या टोकाला जातो, पण त्याचा आवाज एकाच जागी बसलेला असतो. आवाजाने माणसाच्या मागं जायला नको का?

१४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटचा अर्ज केला. त्यात ७० दावे होते. दोन मायक्रोफोन कसे ठेवायचे, रेकॉर्डच्या एकाच खाचेत दोन आवाज कसे कोरायचे, सिनेमाच्या फिल्मवर ते कसे बसवायचे, सगळं एकाच कागदपत्रात. खाचेची युक्ती तर फारच सुंदर. खाच इंग्रजी व्हीच्या आकाराची, तिची एक भिंत डाव्या आवाजाची, दुसरी उजव्या आवाजाची. सुई एकच, पण ती दोन्ही भिंती एकाच वेळी वाचते.

जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ब्लूमलाइनने ऑर्केस्ट्राचं स्टिरिओ रेकॉर्डिंग केलं. १९३५ मध्ये चाचणीच्या छोट्या फिल्म काढल्या: माणसं बोलत इकडून तिकडं चालतायत, हेज स्टेशनातून रेल्वे जातायत, आणि आवाज त्यांच्याबरोबर सरकतोय.

त्याच सुमाराला अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजने वेगळी वाट धरली. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फियात ऑर्केस्ट्रा वाजला आणि तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला गेला. किती वाटांनी? तीन. डावी, उजवी आणि मधली. सभागृह मोठं असलं की कडेला बसलेल्यांसाठी मधली बाजू पोकळ होते, गायकाने मध्ये राहायचं तर मध्ये काहीतरी हवं, हे त्या लोकांना कळलेलं होतं.

आणि ‘स्टिरिओ’ या शब्दात ‘दोन’ कुठंच नाही बरं का. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे घन, भरीव. स्टिरिओ म्हणजे भरीव आवाज. दोन वाटा ही नुसती सोय, घरात परवडेल अशी कमीत कमी संख्या.

ब्लूमलाइनला त्याच्या शोधाचं चीज झालेलं बघायला मिळालं नाही. ७ जून १९४२ रोजी रडारची चाचणी चालू असताना विमान कोसळून तो गेला. वय ३८, नावावर १२८ पेटंटं. स्टिरिओ रेकॉर्ड दुकानात आल्या १९५८ मध्ये, त्याच व्हीच्या खाचेसह. तोवर पेटंटची मुदत संपून गेली होती.

नाणं कुठं पडलं?

आपल्याकडं स्टिरिओ आधी थिएटरात भेटला. १९६७ मध्ये ‘अराउंड द वर्ल्ड’ हा ७० एमएमचा हिंदी चित्रपट आला. पण लोकांच्या आठवणीत राहिला तो १५ ऑगस्ट १९७५ चा ‘शोले’. ७० एमएम आणि स्टिरिओफोनिक साउंड! जय नाणं उडवतो तेव्हा ते आपल्याच खुर्चीखाली पडलं असं वाटून लोक खाली वाकून बघायचे, ही गोष्ट तुम्ही घरातल्या मोठ्यांकडून ऐकली असेल. अगदी तशीच घडली की वाढवून सांगितली, ते सोडा. लोकांनी हीच गोष्ट लक्षात ठेवली हे महत्त्वाचं. पडद्यावरचा आवाज पडदा सोडून आपल्या जागी आला, हे त्यांना पहिल्यांदा जाणवलं.

घरात स्टिरिओ शिरला कॅसेटबरोबर. टू-इन-वन आठवतो का? दोन बाजूंना दोन स्पीकर, मध्ये कॅसेटचं दार. काहींवर ‘स्टिरिओ वाइड’ असं बटण असायचं. ते दाबलं की आवाज एकदम फुगायचा, पसरायचा. दुकानदार ते दाबूनच दाखवायचा. त्या बटणाची करामत अशी की डाव्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून उजव्यात मिसळायचा, आणि उजव्याचा डाव्यात. दोन कानांतला फरक मुद्दाम वाढवायचा. मेंदू फसतो आणि म्हणतो, वा, केवढा मंच! पण त्या नादात मधला गायक विरघळतो.

मोठ्या कंपन्यांनीही हे खेळ केले. साठच्या दशकात मोनो रेकॉर्डिंग घेऊन त्यातला खर्ज एका बाजूला आणि किणकिण दुसऱ्या बाजूला करून त्यावर ‘स्टिरिओ’ छापून विकलं गेलं. बीटल्सचा १९६३ चा पहिला अल्बम स्टिरिओत ऐका: गाणारे एकीकडं, वाद्यं दुसरीकडं, मध्ये मोकळं मैदान. कारण ते दोन ट्रॅक पुढं मोनोत एकत्र करता यावेत म्हणून वेगळे घेतलेले होते. त्याचा निर्माता जॉर्ज मार्टिन, ज्याने त्याआधी आपल्या नगरच्या स्पाइक मिलिगनच्या विनोदी रेकॉर्ड काढल्या होत्या. आणि स्टुडिओ तोच, ब्लूमलाइनचा ॲबी रोड. जग लहान आहे.

आता परत आमच्या घरात

माझ्या घरात काय झालं होतं ते आता तुम्ही ओळखलं असेल. मी एका स्पीकरची वायर उलटी जोडली होती. लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल. वायरच्या दोन्ही दोऱ्या एकाच रंगाच्या, त्यामुळं गफलत. दुकानात याला ‘फेज उलटा झाला’ म्हणतात. एका स्पीकरचा पडदा पुढं येतो तेव्हा दुसऱ्याचा मागं जातो. खर्जाचा आवाज दोन्ही स्पीकरमधून सारखाच येत असतो, तो हवेतच एकमेकाला मारतो. म्हणून पखवाजाची डावी बाजू गेली. गायकाचा आवाज दोन्हीकडून सारखा यायला हवा, म्हणजे तो बरोबर मध्ये उभा राहतो. तो उलटा झाला म्हणून मध्ये कुणीच राहिलं नाही. आणि मी त्या पोकळीला ‘काय स्टेज आहे’ म्हणत होतो.

वायर बदलली. तोच अभंग परत लावला. महाराज दोन स्पीकरच्या मधोमध, जिथं फक्त भिंत होती तिथं, येऊन उभे राहिले. पखवाज त्यांच्या किंचित मागं. खोली आधीपेक्षा लहान वाटली, पण खरी वाटली. मी अण्णांना म्हटलं, “आता बघा, महाराज बरोबर मध्ये आलेत.”

अण्णा म्हणाले, “ते तुला माहीत. मला पखवाज आला, बास.”

“मध्ये नाही ऐकू येत?”

“मला मध्ये-कडेला काही कळत नाही रे. डावा कान गेला तेव्हापासून सगळं एकाच जागी.”

अण्णांचा डावा कान लहानपणी वाहायचा, औषधपाणी झालं नाही, मग तो गेला. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ‘डाव्या कानानं कमी ऐकू येतं,’ इतकंच आम्ही म्हणायचो. पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी, एवढा सगळा इतिहास वाचून झाल्यावर कळला. दिशा एकेका कानात नसते, दोन कानांच्या फरकात असते. फरकच नसेल तर दिशा कुठून येणार?

लहानपणी मी त्यांना बांधावरून हाक मारायचो. ते थांबायचे आणि भलतीकडंच बघायचे. आम्ही भावंडं हसायचो. परत हाक मारायचो, परत हसायचो. ते आम्हाला शोधत असायचे, आणि आम्हाला तो खेळ वाटायचा. रस्त्याने चालताना ते मला कायम उजव्या हाताला धरायचे. मला वाटायचं सवय आहे. आणि कीर्तनात टाळकऱ्यांच्या ओळीत अण्णांची जागा ठरलेली, त्यांच्या डाव्या हाताचं शेवटचं टोक. चाळीस वर्षं तीच जागा. म्हणजे सगळे टाळ, पखवाज, महाराज, सगळं त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला. आख्खा मंच त्यांनी स्वतःभोवती असा मांडून घेतला होता, आणि कुणाला एका शब्दाने सांगितलं नाही.

मला जास्त लागलं ते वेगळंच. दोन धड कान, नवा अँप्लिफायर, साउंडस्टेजवरचं एवढं वाचन, तरी चूक पकडता आली नाही. ती पकडली एका कानाच्या माणसाने, कारण त्याला पसारा ऐकूच येत नव्हता. त्याला ऐकू येत होतं ते खरं किती उरलंय, एवढंच. स्टुडिओतले लोक आजही गाणं तयार झालं की ते एकदा मोनो करून ऐकतात. दोन्ही बाजू एकत्र केल्यावर काही गायब होत असेल तर काहीतरी चुकलंय. अण्णा आमच्या घरातलं मोनोचं बटण होते.

तुम्ही घरी काय कराल?

आता थोडं कामाचं. महागडी सिस्टीम लागत नाही. दोन स्पीकर आणि तुम्ही, असा तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण करा. दोन स्पीकरमध्ये सहा फूट असतील तर तुम्हीही दोघांपासून सहा फुटांवर बसा. स्पीकर भिंतीला चिकटवू नका, कपाटात कोंबू नका. एक स्पीकर कोपऱ्यात आणि दुसरा मोकळ्या दाराशी असेल तर मंच एका बाजूला कलणारच. खोलीत एक टाळी वाजवून बघा. टाळीनंतर पत्र्यासारखी झणझण आली तर समोरासमोरच्या भिंती मोकळ्या आहेत. एका भिंतीवर गोधडी टांगा, खाली सतरंजी टाका. आपल्याकडच्या फरशी आणि प्लॅस्टरच्या खोल्यांना याचा फार फरक पडतो.

मग आधी नुसतं बोलणं ऐका, एखादं भाषण किंवा पॉडकास्ट. एकाच माणसाचा आवाज. डोळे मिटा आणि तो जिथं आहे असं वाटतं तिथं बोट दाखवा. बोट मध्ये जायला हवं, आणि आवाज तोंडाएवढा वाटायला हवा, दाराएवढा नाही. नाही गेलं तर लाल-काळी तपासा. मध्य सापडल्याशिवाय कडेच्या गोष्टींकडं वळूच नका.

मध्य पक्का झाला की कीर्तनाचं किंवा मैफलीचं एखादं रेकॉर्डिंग लावा. प्रेक्षकांसमोर झालेलं असेल तर उत्तम. कोण पुढं, कोण मागं? टाळ एका रेषेत ऐकू येतात की सगळे एकाच ठिपक्यात? टाळ्या वाजल्या की सभागृह केवढं आहे हे कळतं का? आणि शेवटी मोबाईलच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा, तिथं ‘मोनो ऑडिओ’ आहे. ते चालू करा. पसारा जाईल, तो जाऊ दे. पण एखादं वाद्यच गायब झालं तर तो पसारा खोटा होता.

इअरफोनवर हे सगळं वेगळं होतं हेही सांगतो. तिथं उजवा आवाज डाव्या कानाला पोचतच नाही, त्यामुळं मंच समोर न राहता डोक्याच्या आत येतो. मजा असते, पण कीर्तन डोक्यात होत नाही, समोर होतं.

शेवटची गोष्ट

यंदाच्या सप्ताहात मी एक छोटा स्टिरिओ रेकॉर्डर घेऊन बसलो. आमच्याकडं सप्ताहात कर्णे लावतात, एक देवळावर, एक लिंबावर. सगळं कीर्तन त्या लिंबाच्या कर्ण्यातून येतं, महाराज झाडावर चढल्यासारखे. पण मी मंडपात पुढं, महाराजांच्या समोर बसलो होतो, आणि तिथं कर्ण्यापेक्षा माणसं जास्त ऐकू येत होती. मध्ये महाराज, एका अंगाला पखवाज, मागं टाळकऱ्यांची कमान.

घरी येऊन ते लावलं. डोळे मिटले. माझ्या उजव्या हाताचं शेवटचं टोक. त्यांचं डावं, आमच्या समोरून उजवं. तिथला एक टाळ बाकीच्यांपेक्षा जरा कोरडा वाजत होता. मी डोळे मिटूनच बोट दाखवलं आणि म्हटलं, “अण्णा, हे तुम्ही.”

अण्णा उजवा कान स्पीकरकडं करून बसले होते. त्यांना टोक ऐकू येत नव्हतं, जागा ऐकू येत नव्हती. थोडं थांबून म्हणाले, “हां. माझा टाळ आहे तो. काठ चेपलाय त्याचा, आवाजावरूनच कळतंय.”

दोघांनी एकच माणूस ओळखला. मी जागेवरून, त्यांनी आवाजावरून.

मंडळी, काढलेला इअरफोन आता परत लावा. आणि एक सांगतो: या पॉडकास्टमध्ये यापुढं कुठलीही महत्त्वाची गोष्ट फक्त एका बाजूला ठेवणार नाही. पसारा असेल, मजा असेल, पण एकच कान असलेल्या माणसाचं काहीही सुटणार नाही. प्रत्येक भाग बाहेर पडायच्या आधी मोनोत एकदा ऐकला जाईल. ऐकणारे कोण, ते तुम्हाला माहीतच आहे.

तुमच्या घरात असं कुणी असेल, जे हाक मारल्यावर भलतीकडं बघतं, तर हसू नका. कोणत्या बाजूने हाक मारायची ते विचारा. आणि चालताना त्या बाजूला राहा.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा. रामकृष्णहरी.